आबांच्या जीपमधली चिवचिव

पिंपळवंडीला लग्न होऊन आले त्याला दीड वर्ष झालं असेल, तेव्हाची गोष्ट. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. घरात आम्ही तिघंच असायचो, सासूबाई, सासरे आणि मी. हे भोसरीला कंपनीत होते. गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी यायचे आणि शुक्रवारी पहाटे जायचे.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. त्यांनी उभी हयात धरणाच्या कामावर ड्रायव्हर म्हणून काढली होती. निवृत्त झाले तेव्हा तिथली एक जुनी जीप लिलावात निघाली, ती त्यांनी घेतली. चारही चाकांना जोर देता येईल अशी, वर कापडी हूड, दरवाजे नाहीतच. आमची निम्मी जमीन ओढ्याच्या पलीकडं होती. पावसाळ्यात तिकडं बैलगाडीसुद्धा अडकायची, पण ही जीप पाण्यातून निघून जायची. कांद्याची रोपं, खताची पोती, नारायणगावच्या बाजाराला जाणारी टोमॅटोची क्रेटं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यावरच.

गाडीचं दुखणं कानानं ओळखणारा माणूस अशी आबांची ख्याती होती. बोरी बुद्रुकहून, पिंपरी पेंढारहून लोक ट्रॅक्टर घेऊन यायचे. कुणी औषध फवारायचा पंप आणायचं. आबा म्हणायचे, "जरा रेस कर." मग बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, काय खराब झालंय ते. बहुतेक तेच निघायचं.

म्हणून जीपमध्ये पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी काही बोलले नाही. आबा पुढं बसलेत, त्यांना तर माझ्याआधी कळलं असणार, असं मला वाटलं.

आवाज बारीक होता. चिक्, चिक्, चिक्. गाडी हळू असली की ऐकू यायचा, वेग वाढला की भराभर यायचा आणि मग इंजिनाच्या घरघरीत बुडून जायचा. मी आणि सासूबाई मागं बाकड्यावर बसलेलो. सासूबाई म्हणाल्या, "पोत्यात उंदराची पिल्लं हायेत का बघ गं." मी पोती हलवून बघितली. नव्हती.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या पुढं. वडिलांची पिठाची गिरणी होती. मी गिरणीतच वाढले म्हणायला हरकत नाही. पट्टा सैल झाला, जात्याला टाकी लावायची वेळ आली, की वडिलांच्या आधी मला कळायचं. मशीन काहीतरी वेगळं बोलायला लागलं की मला चैनच पडत नाही. तो चिक्-चिक् आवाज घरी आल्यावरही माझ्या डोक्यात राहिला.

चार-पाच दिवस मी वाट बघितली. आबा काहीच म्हणेनात. गुरुवारी मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी गाडी रस्त्यावर नेली, आळेफाट्याच्या बाजूला जोरात पळवली आणि परत आले. म्हणाले, "कुठं काय? तुला भास होतो." जोरात पळवल्यावर तो ऐकू येणारच नव्हता. पण मी तेव्हा नवीन होते, वाद घातला नाही.

तरी ह्यांनी जेवताना आबांपाशी विषय काढलाच. आबा भाकरी कुस्करत होते, मान वर न करता म्हणाले, "जुनी गाडी हाय. जरा वाजायचंच." मला ते उत्तर आबांचं वाटलं नाही. एरवी खिळा जरी वाजला तरी हा माणूस गाडी थांबवून खाली उतरायचा.

पुढच्या आठवड्यात ते आपणहून जीप नारायणगावला एका गॅरेजमध्ये घेऊन गेले. मलाही किराणा आणायचा होता, म्हणून मी बरोबर होते. मिस्त्री तरुण आणि घाईतला. त्यानं दोन मिनिटं ऐकलं, म्हणाला, "आबा, ब्रेकचं लायनर घासतंय." लायनर बदललं. परत येताना वारुळवाडी सुटायच्या आत चिक्-चिक् सुरू. दुसऱ्यांदा नेली तेव्हा म्हणाला, "मग मागच्या चाकांमधला डिफरन्शियल खोलावा लागंल. गाडी आठवडाभर ठेवा हितं." आबांनी नको म्हणून मान हलवली आणि गाडी घेऊन घरी आले. 

आमच्या घरापासून ओढ्यापर्यंत मातीचा रस्ता होता, एकसारखा उताराचा. घरी आल्यावर आबांनी जीप त्या उताराच्या तोंडाशी उभी केली. सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी किराण्याच्या पिशव्या उतरवत होते. आबा म्हणाले, "पोरी, त्या राहू दे. पुढं बस."

मी गोंधळले. मी कधी पुढं बसले नव्हते. पदर सावरून बसले. आबांनी इंजिन बंद केलं, गिअर काढून न्यूट्रल केला आणि ब्रेक सोडला. गाडी आपल्या वजनानं हळूहळू उताराला लागली. इंजिन नाही, वारा नाही, फक्त चाकाखालची माती. आणि आमच्या पायांखालून स्वच्छ, ठळक चिक्, चिक्, चिक्.

"येतोय का?" आबांनी विचारलं.

"व्हय. आता तर लईच येतोय."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली, मग खाली पायांकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "आत्ता? आत्ता या घडीला येतोय?"

"व्हय आबा."

ओढ्याच्या काठाशी त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, आवाज थांबला. आबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.  तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रश्न इंजिनाच्या घरघरीचा नव्हताच. आबांना तो आवाज ऐकूच येत नव्हता.

"फटाकं ऐकू येत्यात," ते म्हणाले. "इंजिन येतं, माणूस बोललेलं येतं. पाखरं नाय येत. कधीपासनं ते ठाव नाय. एक दिवस ध्यानात आलं की पिंपळावर पाखरं दिसत्यात, पर काय बोलत नायत."

 सासऱ्यांच्या तोंडून स्वतःबद्दल एवढं मी कधी ऐकलं नव्हतं. मग मला लोकांच्या ट्रॅक्टरवर ठेवलेला त्यांचा हात आठवला. ते कानानं नव्हे, हातानं ओळखत होते. कितीतरी दिवसांपासून.

"तुझ्या सासूला सांगू नको," ते म्हणाले.

"नाय सांगत."

मग ते एकदम कामाला लागल्यासारखे सरळ बसले. "आता मी विचारतो त्याचं नीट उत्तर दे. अंदाजानं बोलू नको. ऐकशील तेवढंच सांग."

तिथून पुढचे तीन दिवस आम्ही दोघं त्या उतारावर होतो. दुपारी जेवणं झाली की गाडी वर न्यायची आणि इंजिन बंद करून खाली सोडायची. आबा एकेक करून विचारायचे. स्टिअरिंग डावीकडं-उजवीकडं वळवल्यावर आवाज बदलतो का? नाही. म्हणजे चाकाचं बेअरिंग नव्हे. हलका ब्रेक दाबल्यावर जातो का? नाही. म्हणजे ब्रेक नव्हे, पोरानं उगाच लायनर बदललं. न्यूट्रलमध्येही येतोय, इंजिन बंद असतानाही येतोय, म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही. "चाकासंगं जे फिरतं त्यातच हाय," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून पलीकडच्या रानात गेलो, कांद्याला पाणी सोडायचं होतं. परत येताना मी म्हणाले, "आबा, एक सांगू? पाण्यातनं गाडी आली की आवाज बंद व्हतो. मागच्या खेपेलाबी झालं होतं. मग घटकाभरानं परत येतो."

आबांनी गाडी तिथंच थांबवली. "हे आधी का नाय सांगितलं?"

"तुमी विचारलं नाय."

ते हसले. हात स्टिअरिंगवर हलकेच आपटत म्हणाले, "मग मागचा डिफरन्शियल नाय. त्यो बंद असतो, आत तेलात बुडालेला. त्याला पाण्याचं काय? जिथं पाणी लागतं, तिथंच कोरडं पडलंय. उघड्यावर हाय ते."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कमरेची चंची सोडली, बोटावर तंबाखूचा चुना घेतला आणि पुढच्या टायरवर एक पांढरा पट्टा ओढला. "मी गाडी सोडतो. तू बाजूनं चाल. पट्टा वर आला की मोजायला लाग, परत वर येईस्तोवर किती वेळा वाजतंय ते."

मी चालले. वाकून, एका हातानं पदर धरून, चाकाकडं बघत. रस्त्यानं गवताचे भारे घेऊन चाललेल्या बायका थांबल्या. एकीनं विचारलं, "काय हरवलं गं?" मी बोटांवर मोजत होते, उत्तर कुठून देणार? तिला वाटलं असेल, आबांच्या सुनेचं काहीतरी बिनसलंय.

"किती?"

"पाच."

"परत मोज."

तीनदा मोजलं. दोनदा पाच, एकदा मी चुकले. आबांनी गाडीतून उतरून मला बसवलं आणि समजावलं. चाक एकदा फिरतं तेव्हा गाडीखालचा लांब शाफ्ट पाच वेळा फिरतो. चाकात खोट असती तर एका फेरीला एकदाच वाजलं असतं. पाच वेळा वाजतंय म्हणजे शाफ्टात. "आन तुझ्या पायाखालनं येतंय म्हणतीस, म्हंजे पुढचा शाफ्ट. शाफ्टाच्या टोकाला क्रॉस असतो, अधिकच्या खुणेसारखा सांधा, त्यात ग्रीस भरावं लागतं. त्यो सुकलाय."

"पण तुमी तर दर महिन्याला ग्रीस भरता," मी म्हणाले. मी स्वतः बघितलं होतं, ग्रीसची पिचकारी घेऊन ते जीपभोवती फिरायचे.

 आबा गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "हात पोचतो तिथलं भरतो. खाली शिरायला आता व्हत नाय."

त्या संध्याकाळी मी ठरवलं की खाली मी शिरणार. आबा आधी नाहीच म्हणाले. सासूबाईंना कळल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांना सांगितलं, शाफ्टाचं तेवढंच. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "त्यांना ऐकू येईना म्हणून तू ऐकून सांगितलंस व्हय? मला काय ठाव नाय? दोन वर्सं झाली मी ओरडून बोलतीय. तुला वाटलं असंल सासू भांडकुदळ हाय." खरं तर मला तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कांदा झाकायची ताडपत्री काढली आणि रस्त्याच्या बाजूनं जीपला बांधून आडोसा केला. मी ह्यांचा कंपनीतला जुना शर्ट आणि पायजमा घातला. चाकांना दगड लावले, खाली पोतं अंथरलं आणि पाठीवर सरकत आत गेले. वर काळं लोखंड, वाळलेला चिखल, तेलाचा वास. आबा चाकाशी पाटावर बसून पाने देत होते. "नऊ-सोळाचा पाना घे. चार बोल्ट हायेत. शेवटचा काढताना एका हातानं शाफ्ट धर, न्हाईतर तोंडावर यील." त्यांना तिथून दिसत काहीच नव्हतं, पण कुठला बोल्ट कुठं आणि कुठला कडक, सगळं पाठ होतं. मी म्हणायचे, "निघत नाय." ते म्हणायचे, "निघंल. घाई करू नको."

शाफ्ट निघाला. आबांनी तो मांडीवर घेतला आणि क्रॉस हलवून बघितला. तीन बाजू नरम फिरत होत्या, चौथी अडत होती. त्या बाजूची लोखंडी टोपी काढली तर आत ग्रीसचा थेंब नाही, नुसती तांबडी भुकटी. बेअरिंगच्या बारीक सुया झिजून गेलेल्या. ग्रीस भरायचं तोंड चिखलानं बुजलं होतं, तेही आतल्या बाजूला, जिथं बाहेरून हात पोचतच नव्हता. आबांनी ती भुकटी बोटावर घेतली, मला दाखवली आणि पोत्याला पुसून टाकली.

गुरुवारी ह्यांनी नारायणगावहून नवा क्रॉस आणला. बसवायला परत मीच खाली गेले. हे म्हणाले, "मी जातो की." आबा म्हणाले, "तिला माहितीय सगळं. तू पाने दे."

मग उतारावर गाडी नेली. आबा स्टिअरिंगला, मी शेजारी. इंजिन बंद, न्यूट्रल, ब्रेक सोडला. गाडी खाली निघाली. आबा रस्त्याकडं बघतच नव्हते, माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. मी अर्ध्या उतारापर्यंत श्वास धरून ऐकलं.

"गेला?"

"गेला आबा. कायसुद्धा नाय."

त्यांनी "हं" केलं आणि ब्रेक मारायचं विसरले. पुढची चाकं ओढ्याच्या पाण्यात गेली तेव्हा आम्ही थांबलो.

त्यानंतर कुणी ट्रॅक्टर घेऊन आलं की आबा मला चहा घेऊन बाहेर बोलवायचे. मी चहा देताना जरा रेंगाळायचे, ऐकायचे. पाहुणे गाडीत डोकं घालून असताना आबांना हळूच सांगायचे, पट्टा चिरकतोय, नाहीतर वाल्व्ह वाजतोय. त्यांनी एकदा एका पाहुण्याला सरळ सांगून टाकलं, "मला बारीक आवाज येत नाय, सूनबाईला विचारा." त्या दिवशी मीच लाजून आत पळाले. पण त्यानंतर लपवायचं काही राहिलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांनी मला गाडी शिकवली, त्याच मातीच्या रस्त्यावर. मी ओतूरला, नारायणगावला एकटी जाऊ लागले, माहेरीसुद्धा जीप घेऊनच जायचे. दोन हजार सालानंतर ह्यांनी मंचरच्या डॉक्टरकडून आबांना कानाचं मशीन आणून दिलं. ते त्यांनी थोडे दिवस लावलं आणि मग खिशातच ठेवू लागले. म्हणायचे, त्यात भांड्यांचा आवाज लई येतो.

जीप आणखी काही वर्षं चालली. डिंभ्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याला तिची गरज होती, त्याला दिली. तोवर आबांनी गाडी चालवणं सोडलं होतं. मी चालवायचे आणि ते शेजारी बसायचे. बसल्याबरोबर चपला काढून बाजूला ठेवायचे आणि दोन्ही तळवे पायाखालच्या पत्र्यावर टेकवायचे. चढाला लागलो की मी गिअर बदलायच्या आधीच आबा म्हणायचे, "दुसरा टाक." बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं.