इस्त्री केलेला कोट

लाँड्रीत त्याला सगळे परीटघडी म्हणत. दिवसभर वाफेच्या टेबलाशी उभं राहून माणसाचा चोळामोळा होतो, पण या पोराच्या कॉलरला संध्याकाळीही सुरकुती नसे. वय बाविशीतलं, बोलणं चटपटीत, आणि हात असा की गिऱ्हाइकं कपडे देतानाच बजावत, "परीटघडीकडेच द्या हं." त्याची खरी करामत बाहीत होती. बाकीचे इस्त्रीवाले बाही आडवी टाकून खांद्यापासून मनगटापर्यंत सुरीसारखी धार काढतात. हा टॉवेलची गुंडाळी बाहीत सारायचा आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवायचा. बाही गोल राहायची, आत कुणाचा तरी हात असल्यासारखी. आसपासच्या लाँड्र्यांत अशी बाही दुसरं कुणी करत नव्हतं.

आता मुद्द्याचं सांगायचं तर हा ज्या देशात वाढला, त्या देशाचा एकही कागद याच्याकडे नव्हता. आई त्याला कडेवर घेऊन सीमा ओलांडून आली तेव्हा त्याला चालताही येत नव्हतं. शाळा इथली, शिव्या इथल्या, राष्ट्रगीत पाठ तेही इथलंच. जिथून आला तिथल्या एका रस्त्याचं नाव त्याला सांगता आलं नसतं. धाकटी बहीण मात्र इथे जन्मली, म्हणून ती नागरिक. एका ताटात जेवणारी भावंडं, त्यांतलं एक देशाचं आणि दुसरं कुणाचंच नाही. मालकांनी कामावर घेताना फारशी चौकशी केली नव्हती. बोलण्यावरून तो त्यांना इथलाच वाटला. तो समज टिकवणं हे त्याचं खरं काम. इस्त्री आपली पोटासाठी.

आई इमारतींचे जिने पुसायची. इथली भाषा तिला कामापुरती येई, तीही अडखळत. तिने मुलाला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं: बाहेर मला हाक मारायची नाही, बसमध्ये माझ्या शेजारी बसायचं नाही, मी तोंड उघडलं की लोकांना कळतं. तो पुढच्या बाकावर बसे, ती मागच्या. उतरायचं आलं की ती खोकायची. पोराला तेव्हा तो खेळ वाटायचा. मोठा झाल्यावर कळलं की हा खेळ संपत नसतो.

गप्प राहावं ही आईची शिकवण. यात मात्र त्याने स्वतःची भर घातली. गप्प माणसाकडे लोक संशयाने बघतात, तेव्हा आपणच मोठ्याने बोलावं, हे त्याला लाँड्रीत सुचलं. त्या दिवसांत रेडिओवर एकच विषय होता. लहानपणी आईबापांबरोबर आलेल्यांना नागरिक करायचं की परत पाठवायचं, यावर कायदा व्हायचा होता. धुलाईयंत्रं सांभाळणारे काका म्हणायचे, "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी." काउंटरवरच्या बाई म्हणायच्या, "अहो, पण पोरांचा काय दोष?" आणि परीटघडी दोघांच्या वर आवाज चढवायचा, "नियम म्हणजे नियम! पोरं असली म्हणून काय झालं?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात, तर त्याने चोरी तरी काय केली होती? आईच्या कडेवर बसला, एवढीच. पण शेजारच्या गॅरेजमधल्या एका पोराला मागच्याच महिन्यात पोलिसांनी उचललं होतं, आणि तेव्हापासून याचा आवाज आणखी चढला होता.

कायद्यावर मतदान व्हायच्या आदल्या दुपारी लाँड्रीत असाच फड रंगला होता. काकांनी यंत्र थांबवून ठेवलं होतं, भांडताना ऐकू यावं म्हणून. परीटघडी इस्त्री हातात धरून सांगत होता, "वर्षानुवर्षं राहतात, भाषा धड येत नाही, आणि म्हणे हक्क द्या!"

दार उघडलं आणि आई आत आली.

ती इथे कधीच येत नसे. तिने त्याच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पुढचा शब्द त्यांच्या घरच्या भाषेतला असणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. काका बघत होते, बाई बघत होत्या.

"काय पाहिजे बाई?" तो म्हणाला. "कपडे द्यायचेत की न्यायचेत?"

आईचं तोंड मिटलं. चेहऱ्यावर काही आलं असेल तर ते त्याला दिसलं नाही, कारण त्याने मान खाली घालून इस्त्री सुरू केली होती. अंगातल्या जुन्या सुती कोटाची बटणं तिने काढली, कोट काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "हे... इस्त्री."

बाईंनी नाव विचारलं. तिने शेजारणीचं नाव सांगितलं. बाहेर बोचरी थंडी होती, आणि ती पातळ स्वेटरवर निघून गेली.

बाईंनी कोट उचलला, बाह्यांवरून एकदा हात फिरवला आणि काही न बोलता त्याच्या टेबलावर आणून ठेवला. काका मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. "अरे, हा तर इस्त्री केलेलाच आहे! काय एकेक माणसं असतात. उद्या धुतलेले कपडे धुवायला आणतील!" ते खो खो हसले. परीटघडीलाही हसावं लागलं. दर रविवारी तो आईचा हा कोट घरी स्वतः इस्त्री करायचा, गुंडाळी घालून. तिच्याकडे बाहेर जायला दुसरा कोट नव्हता. आता तोच कोट त्याने पुन्हा टेबलावर पसरला आणि सरळ कापडावरून इस्त्री फिरवत राहिला. कोट अजून उबदार होता. त्याला इतकी लाज वाटली की मान वर करणं जमेना.

सुटल्यावर कोट पिशवीत घालून तो घरी गेला. आई पलंगावर बसली होती. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"जिन्यात पडली," बहीण म्हणाली. "दवाखान्यात काय विचारतात ते हिला कळेना. बोलणारं माणूस घेऊन या म्हणाले, म्हणून तुझ्याकडे आली होती. मग माझ्या शाळेत आली. तू कामात होतास ना?"

आईने मुलीला काहीच सांगितलं नव्हतं. तो आईजवळ खाली बसला. त्याला वाटलं, आता ती बोलेल, बोलू दे, दोन थोबाडीत दिल्या तरी चालेल.

"बरं केलंस," आई हळूच म्हणाली. "मीच वेडी. तिथे यायला नको होतं. तू अगदी शांत राहिलास हो. मला क्षणभर खरंच वाटलं, मी कुणीतरी परकी बाई आहे."

ती कौतुकाने बोलत होती. शिव्या घातल्या असत्या तर निदान त्याला रडता आलं असतं.

सकाळी तो नेहमीसारखा टेबलाशी उभा राहिला. शर्टाची कॉलर चुरगळलेली होती. बाई काउंटरवर चिठ्ठ्या लावत होत्या. काकांनी रेडिओ लावला. थोड्या वेळात मतदान सुरू होणार होतं.

"काय रे परीटघडी, आज तोंडात गुळणी धरली का?" काका म्हणाले. "बोल की! परत पाठवायचे ना सगळे?"

बोलला तर ही नोकरी जाईल, कदाचित गॅरेजमधल्या पोरासारखं आणखीही बरंच जाईल, हे त्याला ठाऊक होतं. न बोलता दिवस काढता आला असता. बाईंनी कोटाबद्दल विचारलं असतं तर ते गिऱ्हाईक येऊन घेऊन गेलं, एवढं म्हणून भागलं असतं. थापा मारण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. पण तोंडाला थाप येईना. कालचं 'काय पाहिजे बाई' तिथेच अडकून बसलं होतं.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"काका, काल कोट देऊन गेली ती माझी आई. मलाही तिने कडेवर आणलंय. परत पाठवायचं तर मलाच पाठवायला लागेल."

काकांचा हात यंत्राच्या दारावरच राहिला. त्यांनी बाईंकडे बघितलं, मग रेडिओकडे, मग उगाच खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. आतल्या खोलीत मालक कुणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"मला कालच कळलं होतं," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "बाही हातात घेतली तेव्हाच. अशी बाही दुसरं कोण करतंय इथे?" त्या जवळ आल्या. "ते जाऊ दे. हात कसा आहे तिचा?"

"मोडलाय," तो म्हणाला. मग चमकून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"अरे, डाव्या हाताने एकेक बटण काढत होती बिचारी, इथे, तुझ्यासमोर," बाई म्हणाल्या. "तू बघितलं नाहीस?"