एका नोंदीतले दोन ओम

महागावात जफरभाईच्या फोटो स्टुडिओले लागूनच माह्यं झेरॉक्सचं दुकान. म्हणून सांगतो, एवढा नेटका माणूस म्या पाहला नाही. फोटोत शर्टाची कॉलर वाकडी दिसली तं गिऱ्हाइकाले पुन्हा खुर्चीवर बसवणार. मी चिडतो, "अहो, फोटो फॉर्मवर लावाचा हाय, भिंतीवर नाही!" ते हसतात अन् पुन्हा काढतात.

गिऱ्हाइकांचे फोटो ते कॉम्प्युटरात ठेवत. पण एकच माणूस चारदा आला की त्याचं नाव चारदा. एकदा तं एका मास्तरले त्याचा मिसरूड फुटाच्या वक्ताचा फोटो छापून देला. लय बोलला तो मास्तर. मंग जफरभाईनं नियमच बसवला. नाव, बापाचं नाव अन् गाव जुळलं तं नवी नोंद कराची नाही, जुन्याच नोंदीत नवा फोटो टाकाचा. जुना आपोआप जाते. यादी अशी झकास झाली की आल्यागेल्याले दाखवत होते.

परवा तांड्यावरची जमनी आली, खेमसिंग राठोडची बायको. तिचा पहिला पोरगा ओम अडीच वर्साचा असतानी तापानं गेला. अंगणवाडीसाठी त्याचा एकच फोटो काढलता, तोही जफरभाईनंच. तो छापलेला फोटो खेमसिंगनं पोराच्या संगच मातीत ठेवला. पुढं दुसरा पोरगा झाला, तं त्याचंही नाव तिनं ओमच ठेवलं.

"भाऊ, मशीनमंदी असंन न तो?" जमनी म्हणे. "पहिल्याचं तोंड आठवाचं म्हणलं तं ह्या दुसऱ्याचंच दिसते. एकडाव पाहू द्या."

जफरभाईनं नाव टाकलं. ओम खेमसिंग राठोड. एकच नोंद. तारीख पहिल्याची अन् फोटो दुसऱ्याचा, मागच्या साली शाळेसाठी काढलेला. मले मागून दिसलं. त्याईनं कपाट उपसलं, कॅमेऱ्याची जुनी कार्डं लावून पाहली. काईच नाही.

मशीन बिघडली म्हणून सांगता आलं असतं. म्या डोळ्यानं खुणावलंबी. पण हा माणूस हात जोडून उभा! "ताई, मशीनचा दोष नाही. म्याच पुसला तुमचा पोरगा. दोघायले एकच समजलो."

मले त्याचा असा राग आला! आता त्या माउलीनं काय करावं?

जमनी स्क्रीनवरच्या पोराकडं पाहत राह्यली. मंग पदरानं नाक पुसून म्हणे, "तुम्ही कायले जीवाले लावून घेता भाऊ? सासू म्हणे दुसरं नाव ठेव. म्याच आयकलं नाही. मले वाटलं, तोच वापस आला."

"तुमची काय चूक ताई? मले शिव्या द्या न," जफरभाई म्हणे.

तिनं नाही देल्या. पाणी मागितलं, पिलं, अन् "येतो भाऊ" म्हणून गेली.

ती गेल्यावर जफरभाई माह्याकडं वळले. "रवी, तिनं माही चूकबी आपल्याच अंगावर घेतली बे," म्हणे. "एक शिवी देली असती तं बरं झालं असतं."