मास्तरांचा महिना

प्राचीन रोमजवळच्या रिआते गावात खेचरं आणि साल्वियस मास्तर, दोघांचाही हट्ट प्रसिद्ध. खेचरं निदान चाऱ्याला तरी वळत. मास्तर शब्दाखेरीज कशालाच वळत नसत, आणि त्यातही त्यांचा जीव एकाच शब्दावर: फेब्रुआरियुस.

"पोरांनो, हे नाम नव्हे, विशेषण आहे," चौकातल्या ओवरीत छडी हलवत ते सांगत. "खरं म्हणजे 'फेब्रुआरियुस महिना'. लोकांनी आळसानं महिना गाळला, विशेषण तेवढं उरलं. आणि मूळ काय? फेब्रुआ! शुद्धीचं सामान. लोकर, मीठ, भाजलेला गहू. शब्द आपला, साबिन लोकांचा. रोमवाल्यांनी उचलला आणि आता आपल्यालाच शिकवतात!"

हेच सगळं ते आईच्या मयताच्या दिवशीही सांगत बसले होते. प्रेत बाहेर गेलं की वारसानं घर झाडायचं, मीठ-गहू टाकून सुतक बाहेर काढायचं, अशी रीत. वारस मास्तर. धाकटी बहीण टर्टुला झाडू घेऊन दारात उभी.

"दादा, चल ना. घर तसंच पडलंय."

"थांब गं, यांना मूळ समजावतोय."

शेवटी तिनंच झाडलं. मग झाडू त्यांच्या पायाशी टाकून म्हणाली, "मूळ तुझं, केर माझा. पाय ठेवू नकोस आता माझ्या घरी."

तसं भांडण मिटायला सोय होती. फेब्रुआरियुसात पितरांचे दिवस संपले की दुसऱ्याच दिवशी नातलगांचं जेवण. घरातले रुसवेफुगवे त्या पंगतीत संपवायचे. टर्टुला दर वर्षी दादाची जागा राखायची. दादा दर वर्षी पुढच्या वर्षाचं बघू म्हणायचे.

यंदा तिला तापानं धरलं. तिचा मुलगा पोम्पो शाळेत आला.

"मामा, आई तुमचं नाव घेतेय. खेचर बाहेर बांधलंय, चला."

"अरे, पितरांचे दिवस चाललेत, देवळं बंद. असल्या दिवसांत कोणी समेट करतं का? परवा जेवण आहेच. रीतसर धूप घेऊन येतो."

"आणि तोवर ती थांबली नाही तर?"

"तुझी आई? माझ्याशी भांडायला तरी थांबेलच ती."

पोम्पो हसला नाही. गेला.

मास्तरांनी उंची धूप आणला. काय बोलायचं तेही मनात जुळवलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात व्याकरण नव्हतं. जेवणाच्या सकाळी टेकडी चढून ते पोचले, तर दारावर मयताची सरूची फांदी लटकत होती. टर्टुलाला पहाटेच नेलं होतं. आत जेवणाच्या बैठका मांडलेल्या. तापातच तिनं मांडून घेतल्या होत्या. पोम्पो मीठ-गहू टाकून घर झाडत होता.

मास्तरांनी हात पुढे केला. "दे इकडं. मी झाडतो."

"वारसानं झाडायचं असतं, मामा," पोम्पो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "जरा बाजूला व्हा, तुमच्या पायाखाली केर आहे."

मास्तर धुपाची पुडी घेऊन भिंतीशी उभे राहिले. शेजारच्या म्हाताऱ्याला ती शांतता सोसेना. त्यांचं मन रमावं म्हणून त्यानं विचारलं, "मास्तर, या फेब्रुआचं मूळ काय हो?"

मास्तर झाडूचा आवाज ऐकत होते.

"ठाऊक नाही," ते म्हणाले.