कवितेला इको

चाळीस वर्षं मी बडोद्यात रॉक वाजवलं आणि बायको एकाही कार्यक्रमाला आली नाही. "घरी काय कमी आवाज ऐकते?" म्हणायची. आमचं घराणं शिलेदारांचं. पणजोबा संस्थानच्या फौजेत तलवार बाळगून होते, मी गिटार. दोघांनीही कुणाचं काही वाकडं केलं नाही. पोट मात्र नवरात्रानं भरलं. लांब केस, काळं जाकीट, आणि वाजवायचं काय, तर गरबा!

त्या स्पीकरांपुढे उभं राहून कानांची वाट लागली. डाव्या कानात कायमची शिट्टी, उजवा मनात आलं तर ऐकतो. डॉक्टर म्हणाले, वाजवणं बंद. चिडलो, रडलो, आणि मग कविता लिहायला लागलो. मराठीत. जन्मभर इंग्रजीत बोंबललो, त्याचा अर्थ ना मला कळला ना ऐकणाऱ्यांना. कवितेत ती सोय नव्हती.

बडोद्यातल्याच हरणी भागात एका सोसायटीत कविसंमेलन ठरलं आणि बायको म्हणाली, "मी येते." कविता तिच्यावरच होती. ती स्वयंपाकघरातून हाक मारते आणि मला नुसती शिट्टी ऐकू येते, एवढंच त्यात होतं. दुनिया खड्ड्यात गेली, तिला ती आवडायला हवी होती.

हॉलमध्ये समोर सगळी जुनी कारभारी घराणी, कडक इस्त्रीचे झब्बे. माईकवाला मात्र गरब्यातला, आपला माणूस. मी सवयीनं म्हणालो, "भाई, इको जरा वधारो ने!" वाढव म्हटल्यावर त्या बहाद्दरानं बटण शेवटपर्यंत पिळलं. गरब्यात तसंच लागतं.

"तू हाक मारलीस," मी गरजलो. मागून म्हणे हॉलभर "लीस... लीस... लीस..." चाललं होतं. मला काय कळणार? मला वाटलं, रंगलंय. दुसऱ्या कडव्याला तर मी माईक लोकांपुढे धरला, म्हणा म्हणून. कोण म्हणणार, कप्पाळ? कविता आदल्या आठवड्यातली! अध्यक्षांनी कळवळून हात जोडले. मी उलट वाकून नमस्कार केला. शेवटी पहिल्या रांगेतून बायकोनं खूण केली, बसा आता. अर्धी कविता पोटात ठेवून खाली बसलो. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

परतताना स्कूटर तिच्याकडेच होती. मला हॉर्न ऐकू येत नाहीत, म्हणून ती मला चालवू देत नाही. मी मागे तोंड पाडून बसलेलो. ती काहीतरी बोलली. मी ओरडलो, "काय?" ती पुन्हा बोलली. पुन्हा "काय?" मग तिनं एका सेव-उसळवाल्याच्या गाडीशेजारी स्कूटर उभी केली, हेल्मेट काढलं आणि माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"अहो, ती कविता म्हणा. सगळी. त्या मेल्या इकोत मला काही समजलं नाही."

"इथे? रस्त्यावर?"

"इथेच. आणि हळू."

सुरुवात केली तर सेव-उसळ खाणारे सगळे वळून बघायला लागले. तिनं हातानं खुणावलं, अजून हळू. आवाज खाली आणला. अजून, अजून, असं करत तिनं तो अगदी ओठांपाशी आणून ठेवला. मग तिच्याकडे बघत मी कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. ती ऐकत होती. मला स्वतःला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.