बाजारच्या दिवशीचा सत्कार

दहावीच्या निकालाच्या दिवशी बिराजदार सर आधी नापासांच्या घरी जात. निकाल लागला की नापासांची यादी खिशात घालायची, सायकल काढायची आणि निलंग्याच्या गल्ल्यांतून एकेक दार गाठायचं, असा त्यांचा नेम होता. पास झालेल्यांकडे ते दुसऱ्या दिवशी जात. ‘‘तिकडं पेढे हायत, गर्दी हाय. हितं कोन हाय?’’ एवढंच कारण ते सांगत. दुष्काळाच्या वर्षांत ते कुणाच्याही घरी पाणी पीत नसत. तांब्या पुढे आला की हात आडवा धरत. ‘‘बसतो फक्त. पाणी राहू द्या.’’

मी गणितात नापास झालो त्या वर्षी ते आमच्याकडेही आले होते. मी आतल्या खोलीत बसून होतो. त्यांनी मला बाहेर बोलावलं नाही. वडिलांना म्हणाले, ‘‘मारू नका. सकाळी सहाला माझ्याकडं धाडा, ऑक्टोबरला बसवतो.’’ ऑक्टोबरला मी पास झालो. पुढे लातूरच्या एका दैनिकाचा निलंग्याचा वार्ताहर झालो.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पेपरला तालुक्यांच्या बातम्या हव्या होत्या. मी बातमी लिहून पाकिटात घालायचो आणि दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचो. ती दुसऱ्या दिवशी छापून यायची.

शाळेत दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होई. खर्च बाजारपेठ करत असे. कापड दुकानदार खण आणि टॉवेल-टोपी देत, किराणा दुकानदार नारळ. सरांनी त्यात एक रीत घातली होती. मुलाच्या आधी त्याच्या आईला मंचावर बोलवायचं. ‘‘पेपर पोरानं लिव्हला. पहाटं उठवलं कोन? हेडमास्तरनं?’’ असं ते भर सभेत म्हणत आणि हेडमास्तरही हसत. बायका आधी लाजत, मग पदर सावरत वर येत. खण-नारळ हातात पडला की पोरं बाकं बडवत.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. महादेवी नावाची मुलगी केंद्रात पहिली आली. तिचे वडील काशिनाथप्पा पानमळेवाले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. विहीर आटली आणि मळा वाळून गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं कुणाला माहीत नव्हतं.

सत्काराच्या बैठकीत सरांनी हट्ट धरला की कार्यक्रम बाजारच्या दिवशीच घ्यायचा.

‘‘सर, बाजारच्या दिवशी दुकान सोडून कोन येनार?’’ एक कापड दुकानदार म्हणाले.

‘‘दोन तास बंद ठेवा की. रोज काय हिरे विकायलाव का?’’

बरीच थट्टा झाली, थोडी चिडचिड झाली. शेवटी बाजारपेठेने दोन तास दुकानं बंद ठेवायचं कबूल केलं. असं निलंग्यात यापूर्वी झालं नव्हतं. बैठकीनंतर मी सरांना कारण विचारलं. त्यांनी आधी टाळलं. मग सायकल हातात धरून चालता चालता सांगितलं. महादेवीची आई तोंडावरून पदर ओढून पहाटेच्या एसटीने दूरच्या पाझर तलावाच्या कामावर जात होती. तिथे दगड वाहत होती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दूरचं काम धरलं होतं. कामाला सुट्टी फक्त बाजारच्या दिवशी.

‘‘काशिनाथप्पानं माझ्या एकट्याला सांगितलंय,’’ सर म्हणाले. ‘‘तेवढं लिव्हू नको बाबा. पोरीचं नाव लिही, शाळंचं लिही, बाजारपेठेचं भरपूर लिही.’’

मी हो म्हणालो. घरी येऊन बातमी लिहिली, त्यात ते लिहिलं. पाकीट बंद केल्यावर ते बसस्थानकावर नेईपर्यंत माझ्याकडे दोन तास होते. त्या दोन तासांत मी जेवलो.

बातमी लातूरला दोन दिवस थांबली आणि सत्काराच्या दिवशी सकाळी आली, चौकटीत. ‘आईने दगड वाहिले, मुलगी केंद्रात पहिली.’ लातूरच्या संपादकांचं पुढे पत्र आलं, अशाच बातम्या पाठवत चला.

ठरल्याप्रमाणे दुकानं बंद झाली. शाळेचं पटांगण भरलं. महादेवीच्या आईचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या, कारण सगळ्यांनी पेपर वाचला होता. मंचावर कुणी आलं नाही. सरांनी नाव पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. सरांनी खण-नारळ टेबलावर ठेवला आणि पुढचं नाव घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर ते काशिनाथप्पांकडे गेले. मीही मागे गेलो. काशिनाथप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी बसा म्हटलं नाही.

‘‘सर, मी तुमालाच सांगितलो होतो. दुसऱ्या कुनाला न्हाई.’’

‘‘हाव. चुकलं माझं, अप्पा.’’

‘‘तिची अव्वा कालपतोर कामाला जात होती. आता उद्यापासून कुठं जाईल? सगळी एसटी वाचून बसलीय.’’

‘‘माझं चुकलं. पोरीला नका अडवू. तिला लातूरला अकरावीला धाडा.’’

‘‘आता लातूरला धाडायचं? तितंच तर छापलंय ते.’’

महादेवी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ‘‘फॉर्म भरलाय अप्पा,’’ एवढंच ती म्हणाली. काशिनाथप्पांनी मान वळवली नाही. मी तीन हातांवर उभा होतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं असतं तरी काशिनाथप्पांना कळलं असतं. त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर ते आठ-दहा वेळा त्या घरी गेले. फॉर्मची मुदत संपली. दिवाळीनंतर महादेवीचं बिदरकडे लग्न झालं. सरांना निमंत्रण नव्हतं.

त्याबद्दल मला ते एकदाच बोलले, रागावून नव्हे. ‘‘बातमी खोटी नव्हती रे. पन तुझी नव्हती.’’ पुढच्या वर्षीपासून ते मला सत्काराची यादी स्वच्छ अक्षरात लिहून देत. चहा पाजत. यादीबाहेरचं काही बोलत नसत. निवृत्त होईपर्यंत हे असंच चाललं.

सर गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. बरेच जण बोलले. काशिनाथप्पा काठी टेकत माइकपाशी आले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता.

‘‘सर लई मोठा मानूस. माझ्या पोरीच्या वक्ताला त्यांच्याकडनं एक चूक झाली. लई वर्षं मी बोललो न्हाई त्यांच्यासंगं. पन आता मनात काई ठिवलो न्हाई. सगळ्यांसमोर सांगतो, मी माफ केलो.’’

सभेत हलकेच माना हलल्या. मी पहिल्या रांगेत होतो. वहीत ती वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो आणि सरांच्या वक्तशीरपणावर बोललो. काशिनाथप्पा समोरच बसले होते. माझं बोलणं ते लक्ष देऊन ऐकत होते.