भरून परत येणारी वॉटरबॅग

मुलगी आठ वर्षांची होती त्या वर्षी यांची बदली मालेगावला झाली. हे शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. मी नाशिकमध्येच एका सरकारी कचेरीत कारकून होते. शाळा चालू होती तोवर कसंबसं निभावलं. परीक्षा संपल्या आणि दिवसभर तिला ठेवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या वहिनींनी दोन-तीन दिवस सांभाळलं, मग त्यांच्याच घरी पाहुणे आले.

कचेरीतल्या एकीने उन्हाळी शिबिराचं सांगितलं. एका शाळेच्या मैदानावर, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. चालवणारे गुरुजी निवृत्त ड्रिल मास्तर होते. गावात त्यांना मान होता; आमच्या साहेबांनीही लहानपणी त्यांच्या हातचा मार खाल्ला होता आणि ते ती गोष्ट अभिमानाने सांगत. मी निर्धास्त झाले.

पहिले काही दिवस मुलगी खुशीत होती. मातीचा बैल करून आणला, लेझीमचे हात करून दाखवताना स्वयंपाकघरातला तांब्या पाडला. मग हळूहळू ती कुरकुरायला लागली. घरी आली की डोकं दुखतंय म्हणून आडवी व्हायची. ओठ सुकलेले. वॉटरबॅग सकाळी भरून दिलेली तशीच परत यायची.

"पाणी का नाही प्यायलीस?"

"विसरले."

"एवढ्या उन्हात पाणी प्यायला विसरतात?" मी रागावले. दुसऱ्या दिवशी वॉटरबॅग रिकामी आली, तेव्हा मला बरं वाटलं. ती शाळेच्या फाटकापाशी ओतून टाकत होती, हे नंतर कळलं.

मेच्या मध्यावर तिला ताप भरला. सकाळी बाथरूममधून ती ओरडली म्हणून मी धावले, तर भिंतीला धरून उभी होती आणि जळजळतंय म्हणून रडत होती. मी तिला रिक्षाने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासायला दिली आणि मग माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, "शिबिरात दिवसभरात लघवीला कितीदा जातेस गं?"

ती खाली बघत म्हणाली, "जातच नाही."

मग एकेक बाहेर आलं. मुलींच्या बाथरूमला कायम कुलूप. शिपाई मुलींना मैदानाच्या भिंतीमागे जायला सांगे. मोठी मुलं त्या भिंतीवर चढून बघत आणि हसत. सहावी-सातवीतल्या मुलींनी लहानींना शिकवलं होतं, पाणी प्यायचंच नाही, म्हणजे लागत नाही. शिबिरातल्या सगळ्याच मुली तसं करत होत्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, उद्यापासून जाऊ नको. मग तू ऑफिसला कशी गेली असतीस?"

तिला गोळी दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच तांदूळ निवडत बसले.

हे शनिवारी आल्यावर यांना सोमवारची रजा घ्यायला लावली आणि तिला त्यांच्यापाशी ठेवून मी शिबिरात गेले. अकरा वाजले असतील. मैदानात लेझीम चालली होती. मुलींचे चेहरे लालबुंद झाले होते. गुरुजींनी माझं फार अगत्याने स्वागत केलं. मुलांनी केलेले कागदी कंदील दाखवले, मल्लखांब दाखवला. रोज स्वतःच्या देखरेखीखाली मोड आलेले मूग वाटतो, म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मी बाथरूमचं विचारलं.

"अहो, मुली घरूनच जाऊन येतात ना!"

"गुरुजी, नऊ ते पाच?"

त्यांनी याचा विचारच केला नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं. शिपायाला बोलावून कुलूप काढायला लावलं. आत लेझीम, ढोल आणि मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचल्या होत्या. सामानाला जागा नाही म्हणून ती खोली घेतली होती. मी त्यांना भिंतीवर चढणाऱ्या मुलांचंही सांगितलं.

गुरुजींना शरम वाटली असावी. पण त्यांनी केलं ते भलतंच. शिट्टी मारून सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि मुलींना मोठ्या आवाजात विचारलं, "भिंतीवर चढून कोण बघतं? नावं सांगा!" सगळी मुलं मुलींकडे वळून बघायला लागली. एकही मुलगी बोलली नाही. एक लहानगी रडायला लागली. मी पुढे होऊन म्हटलं, "गुरुजी, असं नका विचारू," पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

फाटकापाशी मला एका मुलीची आई भेटली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून मुलीचा विसरलेला डबा द्यायला आली होती. मी सगळं सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. "माझीही दोनदा तापली. मी म्हटलं, ऊन लागलं. बाई, मी नर्स आहे हो!"

खोली रिकामी झाली, आतून कडी बसली. माझी मुलगी मात्र परत गेली नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

पुढच्या वर्षी शिबिराची पाटी लागली, त्यावर 'फक्त मुलांसाठी' असं होतं. मी गुरुजींना जाऊन भेटले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मुलींची जबाबदारी फार मोठी असते. तुम्हीच तर दाखवून दिलंत." आणि भाजीबाजारात एका आईने मला तोंडावर सुनावलं, "तुम्ही बोललात म्हणून आमच्या मुली घरी बसल्या."

मी आणि ती नर्स, दोघींनी मिळून रजा काढल्या. तिच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल दुपारपर्यंत मिळाला. मी घरोघर जाऊन विचारलं. आमच्या गल्लीतल्या बायका आधी आनंदाने हो म्हणाल्या, आणि जागा कुठे ते ऐकल्यावर "बघते" म्हणाल्या. त्यांच्यापैकी एकीचीच मुलगी आली. बाकीच्या वस्तीतल्याच होत्या. शिवण, गोष्टी, लगोरी, लिंबाचं सरबत, एवढंच आम्हाला जमलं. मुली खूष होत्या. पण रजा संपल्या आणि तेही बंद पडलं. उरलेला महिना मुलगी माझ्या कचेरीत बाकावर बसून पाठकोऱ्या कागदांवर चित्रं काढत राहिली. साहेब काही बोलले नाहीत, पण येता-जाता तिच्याकडे बघायचे.

गुरुजी नंतरही रस्त्यात भेटायचे. थांबून आपुलकीने विचारायचे, "मुलगी काय म्हणते? अभ्यास कसा चाललाय?" मी "बरा चाललाय" म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. मुलगी मात्र ते समोरून येताना दिसले की माझा हात सोडून रस्त्याच्या पलीकडे जायची आणि आमचं बोलणं संपेपर्यंत तिकडेच उभी राहायची.