आउटलाइन ओपन आहे

“काका, आउटलाइन ओपन आहे. अशी फाईल आम्हाला घेता येणार नाही.”

फोन पुण्याहून होता. ज्या कंपनीकडून मी बोर्ड करून घेतो तिथली मॅडम, प्रेरणा नाव. बोलायला गोड, पण फाईल परत पाठवायची म्हटली की दयामाया नाही.

“बघतो,” म्हटलं आणि फोन ठेवला. त्यात विचारायचं काय? आउट लाइन ओपन म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. माझा जन्म शेतीपंपाच्या स्टार्टरात गेला. आत येते ती इन लाइन, मोटरच्या बाजूला जाते ती आउट लाइन. आणि ओपन म्हणजे तुटलेली. वायर मधेच तुटली, वायंडिंग जळलं, फ्यूज उडाला, सगळ्याला आम्ही ओपनच म्हणतो. म्हणजे माझ्या बोर्डावर मोटरच्या बाजूची लाइन कुठंतरी तुटली होती. सोपं काम.

ज्यांनी मोटर चालू-बंद करायचा स्टार्टरचा डबा उघडून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत एक हिरवी पाटी असते, तो बोर्ड. त्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात, त्या म्हणजे ट्रॅक. वायरीचं काम त्या रेघा करतात. माझा बोर्ड विहिरीतलं पाणी संपलं की मोटर बंद करतो. हा बोर्ड मी स्वतःच्या डोक्यानं तयार केलेला आहे, कुणाचा बघून उतरवलेला नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. पण बोर्ड चालतो.

पूर्वी मी फिल्मवर काळी टेप चिकटवून ट्रॅक काढायचो. बोर्डाची कड पेन्सिलनं मारायची. कापणारा माणूस हॅकसॉ करवतीनं त्या रेघेवरून कापायचा. रेघ थोडी पुसली असली तरी त्याला कळायचं. आता फिल्म कोणी घेत नाही. कॉम्प्युटरवरची फाईलच लागते. म्हणून म्हातारपणी ते सॉफ्टवेअर शिकलो. मुलगा म्हणाला, “आण्णा, राहू द्या की आता.” तेवढ्यासाठी तर आणखीच शिकलो.

आता घोळ कुठून सुरू झाला ते सांगतो. माझं एकच मोठं गिऱ्हाईक राहिलं आहे. गारगोटीचा दत्ता पाटील, स्टार्टर जोडून विकतो. त्यानं यंदा डबा बदलला. सलीम मिस्त्रीनं त्याला नवा, आटोपशीर डबा करून दिला. काम सुरेख. पण वायर आत घ्यायचं भोक बरोबर कोपऱ्यात आलं. माझा चौकोनी बोर्ड तिथं अडतो. म्हणून बोर्डाचा एक कोपरा गोल कापायचा होता. मी कॉम्प्युटरवर जुन्या चौकोनाचा कोपरा पुसला आणि तिथं एक फेर काढला. फाईल पाठवली. आणि आला हा फोन.

मी बोर्डाची प्रिंट काढली. पेन्सिल घेतली. मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेपासून वायर जोडायच्या टर्मिनलपर्यंत सगळ्या आउट लाइन पेन्सिलीनं चालत गेलो. कुठं तुटलेलं नाही. मग इन लाइनही बघितल्या. मग जुना बोर्ड काढून मीटर लावला. मीटर टीं टीं वाजतो, म्हणजे लाइन सलग. सॉफ्टवेअरला विचारलं, तेही म्हणतं सगळं जोडलेलं आहे. माझं डोकं चालेना. पुण्याची पोरगी म्हणते ओपन, मीटर म्हणतो सलग.

तेवढ्यात दत्ताचा फोन.

“आण्णा, डबं येऊन पडल्यात. बोर्ड कुठं हाय?”

“येतोय की.”

“कवा? बाजारात रेडिमेड किट मिळतंय. त्येच बसवू काय? तुमीच सांगा.”

“बसव. आणि मोटरी जळल्या की ये माझ्याकडं.”

बोललो मोठ्यानं, पण दत्ता एकदा रेडिमेडवर गेला की परत येणार नाही. मग माझं टेबल नुसतं बसायला उरणार.

मी मॅडमला फोन लावला.

“मॅडम, आउट लाइन सगळी तपासली. रिलेपासनं टर्मिनलपर्यंत. कुठं ओपन न्हाई.”

“रिले?” मॅडम म्हणाली, “काका, रिलेचा काही संबंध नाही. आउटलाइन ओपन आहे. तुम्ही फक्त क्लोज करा आणि पाठवा.”

“क्लोज करून पाठवू?”

“हो, क्लोज करूनच पाठवा.”

आता ह्यात काय समजायचं? मी नेहमी सॉफ्टवेअर चालू ठेवूनच फाईल पाठवतो. तेच चुकत असणार. फाईल पेनड्राइव्हवर घेतली. फाईल बंद केली. सॉफ्टवेअर बंद केलं. उगीच पुन्हा भानगड नको म्हणून कॉम्प्युटरही बंद केला. पेनड्राइव्ह घेऊन पुढच्या खोलीत सुनेकडं गेलो. राजारामपुरीत आमच्या गाळ्याच्या पुढच्या भागात तिचं फ्लेक्सचं काम चालतं. वाढदिवस, निवडणूक, सत्कार, सगळे फोटो तिच्याकडं येतात.

“अश्विनी, हे जरा पुण्याला पाठवून दे.”

“मामा, तुमचा कॉम्प्युटर बंद पडला काय?”

“पडला न्हाई, मी बंद केलाय. मॅडमनं क्लोज करून पाठवा म्हटलंय.”

तिनं हात थांबवला. स्क्रीनवर कुणा पुढाऱ्याचा फेटा अर्धा रंगवलेला होता.

“काय क्लोज करून?”

“आउट लाइन ओपन हाय म्हणती. मी बघितली. ओपन न्हाई.”

“मामा, आउटलाइन म्हंजे बाहेरची कड. ह्या फेट्याची कड हाय न्हवं, ही. ती कुठं उघडी राहिली की आत रंगच भरत न्हाई.”

“आमच्या सॉफ्टवेअरात तिला एज म्हणतात,” मी म्हटलं. खरंच तसं लिहिलेलं असतं. आउटलाइन हा शब्द मी तिथं कधी वाचलेला नाही.

“नाव कायबी असू दे. चला, दाखवा.”

कॉम्प्युटर परत चालू केला. कड बघितली. चारी बाजूंनी रेघ, कोपऱ्यात फेर, सगळं व्यवस्थित. मी म्हटलं, “दाव कुठं उघडी हाय.” तिनं फेराचं टोक मोठं केलं. आणखी मोठं केलं. करत गेली, करत गेली, आणि दोन रेघांची टोकं एकमेकांपासून लांब सरकली. मधे फट.

“एवढ्याशा फटीतनं काय जातंय?” मी म्हटलं.

तिनं मॅडमला फोन लावला आणि मोबाईल माझ्यासमोर ठेवला.

“काका,” मॅडम म्हणाली, “आमचा कटर कडेवरून फिरतो. कड पूर्ण जुळली तर आत बोर्ड आणि बाहेर भंगार, एवढं मशीनला कळतं. नाही जुळली तर आत कुठलं आणि बाहेर कुठलं, काहीच कळत नाही.”

“हॅकसॉवाल्याला कळायचं.”

“कोणाला?”

“काही न्हाई. करतो.”

सून म्हणाली, “मी करू?” मी म्हटलं, “सरक.” फटीवर एक छोटी रेघ मारली. ठिगळ लावल्यासारखी. दिसायला एकदम झकास. फाईल पाठवली. चहा येईपर्यंत मॅडमचा फोन.

“काका, आता आउटलाइन क्रॉस होतेय. एक रेघ दुसरीच्या पुढं गेलीय.”

“मॅडम, फट होती तवा ओपन, बुजवली तर क्रॉस. तुमाला पायजे तरी काय?”

“टोकाला टोक, काका. कमी नाही, जास्त नाही.”

मी ठिगळ पुसलं. फेराचं टोक धरून ओढायला लागलो. कधी अलीकडं राहायचं, कधी पलीकडं जायचं. डोळ्यांत पाणी आलं. सून मागं उभी राहून बघत होती.

“मामा, स्नॅप का बंद हाय?”

स्नॅप म्हणजे बाण रेघेच्या टोकाजवळ गेला की आपोआप टोकाला चिकटतो. मला तो काय प्रकार आहे हे माहीत नव्हतं. मला वाटलं माउस उडतोय. म्हणून माउस नवा आणला, तरी उडायचा. मग कुठलंतरी बटण दाबून ते उडणं एकदाचं बंद केलं होतं.

“ते मीच बंद केलंय,” मी म्हटलं. “माउस झटका मारतो.”

“झटका न्हवं. जोडून देतोय तुमाला.”

बटण चालू केलं. टोक ओढलं. टच्च करून बसलं. सुनेनं तयार बोर्ड कसा दिसेल ते दाखवणारं थ्रीडी चित्र उघडलं. कोपरा पुसल्यापासून तिथं नुसते पार्ट हवेत लोंबकळायचे. चित्रच बिघडलंय असं मी धरून चाललो होतो. आता त्यांच्याखाली हिरवी पाटी आली, कोपऱ्यात गोल कापलेली. कॉम्प्युटर इतका वेळ मला सांगत होता की तुझा बोर्डच नाही, आणि मी ट्रॅक तपासत बसलो होतो.

ह्या वेळी मॅडमचा फोन आला नाही. मेसेज आला, ओके काका. तरी मी फोन करून खात्री केली. ओके म्हणजे काय ओके ते विचारलं.

पहिले थोडे बोर्ड आले तेव्हा दत्ता स्वतः डबा घेऊन आला. बोर्ड त्यानंच बसवला. कोपरा वायरीच्या भोकाला वळसा घालून बसला. चारी स्क्रू लागले. दत्तानं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

“बसला की, आण्णा.”

“मग काय, उभा राहणार हुता?”

“उरल्याली द्या करून.”

ऑर्डर राहिली. टेबलही राहिलं. माउसबद्दल सून मला अजून चिडवते. मी अजून म्हणतो, पहिला माउस खराबच होता.

शिकलो ते एवढंच. आता फोनवर कुणी काही ओपन आहे म्हटलं की मी आधी विचारतो, काय ओपन? कुठं? किती? समोरच्याला वाटतं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. वाटू दे.